स्टरिज : ६७ गोल मोजायचे, की न खेळलेल्या मॅचेस?

राजवाडा_रेड

काल रात्री इंदूरच्या सराफ्यात, खाऊच्या दुकानांसमोर, उभ्याउभ्या वाद झाला आणि दुकानं बंद व्हायला लागली म्हणून अर्धवट राहिला, तो इथे पूर्ण करू. आम्ही चौघं, चारही लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे चाहते, भुट्ट्याचा कीस खात होतो आणि एकाने मोबाइलवर २९ सप्टेंबर २०१८ चा चेल्सीविरुद्धचा गोल लावला. डॅनियल स्टरिज, आपला जुना स्ट्रायकर. ८६ व्या मिनिटाला मैदानात आला आणि ८९ व्या मिनिटाला पंचवीसेक यार्डांवरून डाव्या पायाने असा वळवला की त्यांच्या गोलकीपर केपाची उडी बघायलाच सुंदर वाटते, हात पोचायचा प्रश्नच नव्हता. १-१. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजायला आले होते आणि मी राजेंद्रनगरहून स्कूटर काढून थेट सराफ्यातच आलो होतो, इतका आनंद झाला होता, घरी झोपच लागली नसती.

तर काल गोल बघून झाल्यावर दोघं जण म्हणाले, "वाया गेलेला माणूस." मला हा शब्द सहन होत नाही. २०१३ च्या जानेवारीत १ कोटी २० लाख पौंडांत चेल्सीकडून घेतला, २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगचं मेडल गळ्यात घालून गेला, मधे १६० मॅचेस आणि ६७ गोल. दुखापती नसत्या तर किती झाले असते ते सोडा. जे झाले त्याचं आपण काय करतो? माझं म्हणणं एवढंच आहे की न झालेल्या गोलांचा राग आपण झालेल्या गोलांवर काढतो.

पलासिया_कॉप

त्या दोघांतला एक मी. शब्द कडक होता, मान्य, पण मुद्दा सोडणार नाही.

साडेसहा वर्षांत १६० मॅचेस. क्लब वर्षाला पन्नासच्या आसपास खेळतो, म्हणजे हा जेमतेम निम्म्यात दिसला, आणि त्यातही कितीतरी वेळा शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी. २०१४-१५ आठव भिया. आपला मुख्य स्ट्रायकर सुआरेझ बार्सिलोनाला गेला, सगळा भार स्टरिजवर, आणि तो लीगमध्ये १२ मॅचेस खेळला, ४ गोल. दुसऱ्या नंबरवरची टीम सहाव्यावर आली. पुढच्या वर्षी लीगच्या १४ मॅचेस. दोन सीझन मिळून ७६ पैकी २६! आपण दर शनिवारी टीमची लिस्ट उघडायचो आणि पहिलं काय बघायचो, तर तो आहे की नाही. बहुतेक वेळा नसायचा. खेळाडू मोठा असेल, पण ज्याच्या भरवशावर काही उभंच करता येत नाही त्याला महान कसं म्हणायचं?

मालवा_मिडफिल्ड

महान कोण म्हणून राहिलं आहे? पण २०१३-१४ ची सुरुवात कुणालाच आठवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सगळे सुआरेझचे ३१ गोल सांगतात, आणि ते होतेच, पण तो पहिल्या पाच लीग मॅचेसमध्ये नव्हता, चेल्सीच्या इवानोविचला मैदानात चावला म्हणून दहा मॅचेसची बंदी होती त्याच्यावर. मग टीम कुणी चालवली? स्टोकविरुद्ध १-०, गोल स्टरिज. ॲस्टन व्हिला १-०, गोल स्टरिज. मँचेस्टर युनायटेड १-०, गोल स्टरिज, आणि ती तारीख १ सप्टेंबर, त्याचा चोविसावा वाढदिवस. तीन मॅचेस, तीन गोल, नऊ पॉइंट, दुसऱ्या कुणाचा एक गोल नाही. (स्टोकच्या मॅचमध्ये शेवटी आपला गोलकीपर मिन्योलेने पेनल्टी अडवली, त्याचं श्रेय त्याला.) मग नोव्हेंबरमध्ये घोटा गेला, जानेवारीत परत आला तो स्टोकला ५-३ मध्ये गोल करतच. शेवटी लीगच्या २९ मॅचेसमध्ये २१ गोल. आर्सेनलला ५-१ हरवताना वीस मिनिटांत चार मारले होते ना, त्यातला चौथा याचा. ती मॅच संध्याकाळी सव्वासहाला होती आणि आमच्या गल्लीत मी एकटाच ओरडून राहिलो होतो, खालच्या मजल्यावरच्या काकू वर बघायला आल्या की घरात काय झालं.

ते वर्ष ज्याने पूर्ण बघितलं त्याने स्टरिजला वाया गेलेला म्हणू नये. बस.

गनर_विजयनगर

मी आर्सेनलवाला, तुमच्या घरच्या भांडणात येतोय, चालेल ना? त्या ५-१ ची आठवण काढल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही हेही मान्य.

पण या विषयात आम्ही तुमच्यापेक्षा जास्त सोसलंय. अबू दियाबी. १ मे २००६, संडरलँडची मॅच, लीग जवळजवळ संपलेली, आणि एका आडदांड टॅकलमध्ये त्याचा घोटा तुटला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर तो माणूस कधी सलग खेळलाच नाही. जॅक विल्शेअर घ्या, फेब्रुवारी २०११ मध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा बार्सिलोनाच्या मिडफिल्डसमोर असा खेळला की आम्हाला वाटलं पुढची बारा वर्षं आता चिंता नाही, आणि २०२२ मध्ये तिशीत रिटायर.

मला एक फरक नेहमी जाणवतो. दियाबीला कुणी कामचुकार म्हणालं नाही. का? तर तो टॅकल सगळ्यांनी बघितला होता. स्टरिजचं सगळं आतलं, मांडी, पोटरी, खुबा. टीव्हीवर काहीच दिसत नाही, एक माणूस पळतापळता थांबतो आणि मांडीला हात लावतो. म्हणून लोकांना वाटतं की याला खेळायचंच नाही. आम्हीसुद्धा तुमच्या स्टरिजवर हसलोय आणि आज ते बरोबर वाटत नाही.

होळकर_काका

मी फुटबॉल उशिरा बघायला लागलो, मुलामुळे, त्यामुळे तुमच्याइतकं ठाऊक नाही. पण हा प्रश्न इंदूरच्या माणसाला नवा नाही.

जानेवारी १९८८, मद्रास. नरेंद्र हिरवाणी, आपल्या इंदूरचा, पहिलीच टेस्ट, समोर वेस्ट इंडीज, आणि १६ विकेट, १३६ रनांत. नेहरू स्टेडियमच्या आसपास त्या दिवसांत जो तो लेगस्पिनर झाला होता, आमच्या वाड्यातली पोरं टेनिसबॉलवर गुगली टाकायची. पुढे एकूण टेस्ट किती? १७. विकेट ६६. कुणी म्हणेल, एवढी मोठी सुरुवात आणि एवढंच? मी गेली पस्तीस-छत्तीस वर्षं हे ऐकतोय आणि दर वेळी एकच विचारतो, ते चार दिवस तुम्ही जगलात की नाही? रेडिओ कानाला लावून बसला होतात की नाही? मग ते परत कोण घेणार?

तुमच्या स्टरिजचं तसंच असावं.

पलासिया_कॉप

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हिरवाणींची गोष्ट वेगळी. ते दुखापतीने बाहेर बसत नव्हते, पुढे टीममध्ये कुणाला घ्यायचं हा निवडीचा प्रश्न होता. इथे क्लब पगार देतोय, डॉक्टर देतोय, मॅनेजर त्याच्याभोवती योजना आखतोय आणि माणूस सोमवारी फिट, गुरुवारी अनफिट.

आणि नुसत्या दुखापती नाहीत. फिट असतानाही सातत्य कुठे होतं? क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये मॅनेजर म्हणून आला, त्याला पुढून दाबणारी टीम हवी होती, बॉल गेला की पहिल्या तीन-चार सेकंदांत फॉरवर्डनेच तुटून पडायचं. फर्मिनो ते मरेस्तोवर करायचा. स्टरिज एक मॅच करायचा, दुसरीत हात कमरेवर. ज्या दिवशी मन लागलं त्या दिवशी जगातला सर्वोत्तम फिनिशर, ज्या दिवशी नाही त्या दिवशी आपण दहा जणांनी खेळतोय असं वाटायचं. हे मी रागाने लिहीत नाही. मला तो माणूस फार आवडायचा म्हणून लिहितोय. न आवडणाऱ्या खेळाडूने इतकं दुखावलं नसतं.

खजराना_१५

हात कमरेवर का असायचे याचा विचार केलाय का कधी? ज्याचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दर दोन महिन्यांनी जातो तो प्रत्येक बॉलमागे फुल स्पीडने तुटून पडेल का? त्याला आधीच ठाऊक असतं की आज आपल्याकडे अशा पाच-सहाच धावा आहेत, त्या कुठे खर्च करायच्या ते तो निवडतो. मला ते आळस वाटलं नाही, भीती वाटली.

आणि सप्टेंबर २०१४ चं कुणीच काढत नाही. नॉर्वेविरुद्ध वेम्बलीवर इंग्लंडची फ्रेंडली, मग दोनच दिवसांत इंग्लंडच्या ट्रेनिंगमध्ये मांडी गेली. आपला तेव्हाचा मॅनेजर रॉजर्सचं म्हणणं होतं की वेगावर खेळणाऱ्यांना मॅचनंतर दुसऱ्या दिवशीही आराम लागतो, आमच्याकडे आम्ही तो देतो. तिथे दिला गेला नाही. त्या एका आठवड्यापासून पुढचं सगळं वर्ष घसरलं, ऑक्टोबरमध्ये पोटरी, मग परत मांडी, मे २०१५ मध्ये अमेरिकेत जाऊन खुब्याचं ऑपरेशन. त्याच्या आधीच्या सीझनमध्ये हाच माणूस २१ गोल मारून राहिला होता. दोष त्याचा एकट्याचा कसा?

राजवाडा_रेड

पलासिया, तू आकडे मांडलेस, आता मी एक हिशोब मांडतो, शांतपणे वाच.

१८ सप्टेंबर २०१८, ॲनफिल्ड, पॅरिसविरुद्ध चॅम्पियन्स लीगची पहिली ग्रुप मॅच. आधीच्या शनिवारी फर्मिनोच्या डोळ्याला बोट लागलं होतं म्हणून स्टरिज सुरुवातीपासून खेळला. तिसाव्या मिनिटाला रॉबर्टसनचा क्रॉस, स्टरिजचं डोकं, १-०. मॅच ३-२ अशी संपली, शेवटचा गोल त्याच दुखऱ्या डोळ्याच्या फर्मिनोचा, जादा वेळेत. आपल्याकडे रात्रीचे अडीच, मला सकाळी आठला ऑफिस, तरी रिप्ले बघत बसलो होतो.

आता ग्रुपचा शेवट बघ. आपले पॉइंट ९, नापोलीचे ९. आपसातल्या दोन मॅचेस दोघांनी एकेक जिंकलेल्या. गोलफरक दोघांचा अधिक २. आपण पुढे गेलो ते फक्त जास्त गोल मारले म्हणून, ९ विरुद्ध ७. तो हेडर काढून टाक. मॅच २-२, आपले ७ पॉइंट, आपण बाहेर. मग बार्सिलोनाविरुद्धचे ४-० नाही, माद्रिदमधली १ जूनची फायनलची रात्र नाही, सहावा युरोपियन कप नाही.

फायनलला तो बेंचवरच होता, एक मिनिटही खेळला नाही, ते मला माहीत आहे. पण कपाच्या पहिल्या रात्रीचा पहिला गोल त्याचा होता.

मालवा_मिडफिल्ड

हे मी कधी जोडूनच बघितलं नव्हतं. अंगावर काटा आला वाचताना.

पलासिया_कॉप

मी आत्ता तो टेबल काढून पुन्हा बघितला. बरोबर आहे तुझं. ९-७.

त्याच सीझनला लीग आपण ९७ पॉइंट करून एका पॉइंटने हरलो, मँचेस्टर सिटी ९८, तेव्हा चेल्सीविरुद्धच्या त्या गोलाने मिळालेला एक पॉइंटही शेवटपर्यंत कामाचा होता, हे मीच सांगतो.

तिलकनगर_रेड

बाझलची मॅच कुणी काढलीच नाही म्हणून लिहितेय. १८ मे २०१६, युरोपा लीग फायनल, सेव्हियाविरुद्ध. आपल्याकडे मॅच रात्री सव्वाबाराला सुरू झाली. मे महिना, इंदूरची गरमी, मी आणि माझा भाऊ गच्चीवर गादी टाकून लॅपटॉपवर बघत होतो कारण खोलीत बसवत नव्हतं. पस्तिसाव्या मिनिटाला त्याला डावीकडे बॉल मिळाला, समोर बचावपटू, उजवा पाय वापरायचा नसेल तर अँगल नाहीच असं वाटत होतं, आणि त्याने डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारला. बॉल आधी बाहेर गेला आणि मग आत आला. भाऊ काही बोललाच नाही, फक्त माझा हात धरला.

हाफटाइमनंतर पहिल्या मिनिटाच्या आतच गामेरोने बरोबरी केली, मग कोकेचे दोन, ३-१, आपण हरलो. हरलेल्या फायनलमधला गोल म्हणून तो कुठल्या यादीत वरती येत नाही. माझ्या यादीत तो पहिला आहे. भाऊ आता पुण्याला असतो, आमचं अजून फोनवर बोलणं झालं की तो गोल एकदा तरी निघतो.

सुदामानगर_७

मी इथे फारसं लिहीत नाही. पण गनरने जे लिहिलं, दिसत नाही म्हणून लोक मानत नाहीत, त्यावर लिहायचंय.

मी स्टरिजला खूप बोललोय. या ग्रुपवर जुने मेसेज असतील माझे, "काच का आदमी" वगैरे. २०२२ मध्ये टर्फवर खेळताना एका साध्या धावेत मागून कुणीतरी मांडीवर दगड मारल्यासारखं झालं. मी वळून बघितलं, मागे कुणीच नव्हतं. पाच आठवडे लागले. परत खेळायला गेलो, पहिल्या वीस मिनिटांत तीच जागा. मग तीन महिने. त्यानंतर मी ठीक होतो, डॉक्टरने सांगितलं ठीक आहे, पण मित्र खेळायला बोलवायचे तेव्हा मी काहीतरी कारण सांगायचो. एकाने सगळ्यांसमोर म्हटलं की याला खेळायचंच नसतं, नाटक करतो. मी त्या दिवशी घरी येऊन खूप वेळ गाडीतच बसून राहिलो.

मी दर रविवारचा हौशी खेळाडू, तरी मला हे इतकं लागलं. त्या माणसाला स्टेडियमभर लोक हेच म्हणायचे. क्लॉप आल्यानंतर तर बरेच महिने चर्चाच ही होती की याला खरी दुखापत आणि साधं दुखणं यातला फरक कळतो का. मला आता कळलंय की एकदा आतून फाटल्यावर तो फरक कळत नाही. सगळंच सारखं वाटतं.

फिजिओ_स्नेहनगर

सुदामानगर दादा, तुम्ही लिहिलंत ते अगदी तसंच असतं. पेशंट मला हेच सांगतात, दगड मारल्यासारखं, मागे वळून बघितलं.

थोडं सांगते. जोरात पळताना पाय पुढे येतो आणि जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी मांडीच्या मागच्या स्नायूला एकाच वेळी लांब व्हायचं असतं आणि पायाला ब्रेकही लावायचा असतो. बहुतेक वेळा तो तिथेच फाटतो. जितका वेग जास्त तितका हा ताण जास्त, म्हणून स्टरिजसारखे पहिल्या पाच यार्डांत निसटणारे खेळाडू जास्त सापडतात, पळतच नाही त्याचा स्नायू कशाला फाटेल? आणि परत दुखापत होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधी झालेली दुखापत. भरून आलेली जागा पूर्वीसारखी लवचीक राहत नाही, ताकद कमी झालेली असते, आणि शरीर नकळत पळण्याची ढब बदलतं, मग भार दुसरीकडे जातो, पोटरी, खुबा, दुसरी मांडी. तुम्ही वर जी यादी दिली आहे ती मला वेगवेगळ्या दुखापतींची वाटत नाही, एकाच दुखापतीची लांबलेली गोष्ट वाटते. त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे हे माझं अनुभवावरून झालेलं मत समजा.

दुखणं किती खरं हे बाहेरून ठरवायचं कुठलंही यंत्र माझ्याकडे नाही. स्कॅन साफ येतो आणि माणूस पळू शकत नाही असं दर महिन्याला बघते. त्याला खोटं ठरवून तो बरा झाल्याचं मात्र एकदाही बघितलं नाही.

गनर_विजयनगर

ताई, हे वेगळा धागा काढून लिहा, आमच्या टर्फ ग्रुपमध्ये निम्मी पोरं हेच घेऊन फिरत आहेत.

महूचा_बाप

रोज वाचतो, आज पहिल्यांदा लिहून राहिलो. माझा मुलगा पंधरा वर्षांचा, विंगवर खेळतो, फार वेगवान आहे. या वर्षात तिसऱ्यांदा मांडी धरून बसला. कोच म्हणतात मुलगा मनाने कच्चा आहे, पळवा त्याला, आपोआप मोकळा होईल. मीपण घरी तेच म्हटलं, खोटं कशाला सांगू. मागच्या महिन्यात त्याला जबरदस्ती मॅचला पाठवलं, पंधरा मिनिटांत बाहेर आला आणि गाडीत एक शब्द बोलला नाही. वरचं सगळं वाचून आत्ता पोटात कालवलं. ताई, काय करू?

पलासिया_कॉप

महूच्या दादा, आधी ताईंचं ऐका, माझं नंतर. पण एक सांगतो, मुलाला आजच सांगा की तुमचा त्याच्यावर विश्वास आहे. तपासणी उद्या होईल, हे आज होऊ शकतं.

बाकी स्टरिजबद्दल. "वाया गेलेला" हा शब्द मी मागे घेतो, राजवाडा, पुढच्या वेळी सराफ्यात तोंडाने पण घेईन. महान मात्र म्हणणार नाही. स्टरिजच्या आधीचा आपला स्ट्रायकर टोरेस, त्याने आपल्याकडे १४२ मॅचेसमध्ये ८१ मारले आणि ज्या तीन-साडेतीन वर्षांत तो होता त्यात आपण त्याच्यावर विसंबून राहू शकलो, माझ्या मनात तो वरचाच राहील, चेल्सीला गेला तरी. आणि स्टरिज २०१८ मध्ये वेस्ट ब्रॉमला लोनवर गेल्यावर योगायोगाने चेल्सीविरुद्धच तीन मिनिटांत जायबंदी होऊन बाहेर आला तेव्हा मी हसलो होतो. तेवढं मला नको होतं करायला.

राजवाडा_रेड

टोरेसवर वेगळं भांडू. तिथे मी तुझ्याच बाजूने आहे.

फिजिओ_स्नेहनगर

महूचे दादा, तीनदा एकाच जागी म्हणजे आधी नीट तपासून घ्या, या वयात स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो तिथली वाढही बघावी लागते, ती शंका डॉक्टरांना स्वतःहून विचारा. तोवर पळणं, ओढून स्ट्रेच करणं, जोरात मसाज, तिन्ही बंद. चालणं चालेल.

पूर्ण बरा झाल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच नॉर्डिक नावाचा व्यायाम सुरू करता येईल. गुडघ्यावर उभं राहायचं, कुणीतरी घोटे घट्ट धरायचे, आणि अंग सरळ ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकायचं. नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात, फिफाच्या ११+ वॉर्मअपमध्येही तो आहे. कोचना सांगा, सगळ्या टीमला वीस मिनिटांत होतो तो वॉर्मअप.

महूचा_बाप

ताई, मुलाशी बोललो. रडला थोडा. गुरुवारची वेळ घेतली आहे डॉक्टरांची, कोचना मी स्वतः जाऊन भेटतो. तो व्यायाम पुढे कधी सुरू झाला तर रोज करायचा का? घोटे मी धरले तर चालतील?

फिजिओ_स्नेहनगर

तुम्हीच धरा. रोज नाही. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन सेट. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, सहा-सहाचे दोन. सुरुवातीला स्नायू दुखतील, ते ठीक आहे. मांडीच्या मागे एकाच जागी टोचलं तर तिथेच थांबा आणि मला इथे लिहा.